इंजिन गेल्यावर कॅमेरा खाली ठेवू नका

मालगाडीचे फोटो काढणाऱ्यांची एक सवय मला नेहमी दिसते. इंजिन वळणावर दिसलं की कॅमेरे वर होतात, धडाधड फ्रेम पडतात, इंजिन शेजारून निघून जातं आणि कॅमेरे खाली येतात. मागून अजून सहाशे मीटर गाडी यायची असते. तिच्याकडे न बघता मंडळी स्क्रीनवर इंजिनाचा फोटो मोठा करून बघत असतात. मला ते बघून वाईट वाटतं. इंजिन भुसावळ शेडचं (शेड म्हणजे इंजिनाचं देखभालीचं ठाणं) की अजनीचं हे त्यांना तोंडपाठ असतं, पण गाडी कशाची होती विचारलं की उत्तर येतं, "कोळशाची असेल बहुतेक."

इंजिनं मलाही प्रिय आहेत. वॅग-९ चढावर जोर लावते तेव्हा पायाखालची जमीन सांगते. मधेपुऱ्याच्या कारखान्यातलं बारा हजार अश्वशक्तीचं दोन भागांचं वॅग-१२ पहिल्यांदा जवळून गेलं, तेव्हा पुढचा भाग आणि मागचा भाग अशी दोन वेगळी इंजिनं मोजायचा मोह होतो. तरीही मालगाडी म्हणजे तिचा रेक, इंजिनामागची वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, आख्खी रांग. इंजिन वाटेत कुठेही बदलतं, रेक मात्र भरल्या ठिकाणापासून रिकामा होईपर्यंत तोच राहतो. ही वाघीण कुणाची, कधी बांधली, शेवटची दुरुस्ती कुठल्या वर्कशॉपला झाली, हे सगळं वाघिणीच्या अंगावर लिहिलेलं असतं. ते वाचायला शिकलं की रेल्वेच्या पुलावर घालवलेली दुपार वेगळीच होते.

आधी अक्षरं. भारतीय वाघिणींच्या प्रकारांची नावं बाहेरून अवघड वाटतात, पण त्यामागे सरळ पद्धत आहे. बॉक्सएन घ्या. 'बी' म्हणजे बोगी, म्हणजे चार चाकांच्या दोन बोग्यांवर (चाकांच्या सांगाड्यांवर) चालणारी वाघीण. 'ओ' म्हणजे उघडी. 'एक्स' म्हणजे उंच भिंतींची, बाजूला दारं असलेली. शेवटचा 'एन' हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा. 'ओ'च्या जागी 'सी' आला की वाघीण बंदिस्त, म्हणजे बीसीएन: धान्य, खत, सिमेंटची पोती, आणि हंगामात लासलगाव-निफाडकडचा कांदा. 'टी' आला की टाकी, म्हणून पेट्रोल-डिझेलची बीटीपीएन. बीओबीआरएन ही खालून रिकामी होणारी वाघीण. हवेच्या दाबाने तळाची दारं उघडतात आणि वीजकेंद्राच्या खड्ड्यावर गाडी उभी असतानाच कोळसा खाली जातो. बीएलसी ही कंटेनरची बुटकी, सपाट वाघीण. बीआरएन मुळात रूळ आणि पोलाद वाहायची सपाट वाघीण, पण कोकण रेल्वेवर १९९९ पासून कोलाड ते वेर्णा अशी जी रो-रो सेवा सुरू झाली तिच्यात याच सपाट वाघिणींवर आख्खे ट्रक चढवतात. ट्रकच्या केबिनमध्ये बसून ड्रायव्हर रेल्वेने कोकण बघत चालला आहे, असा फोटो मिळाला की मी तो दिवस सार्थकी लागला असं समजते.

शेपटाला आणखी अक्षरं जोडली गेली की जरा थांबून बघायचं. बॉक्सएन आणि बॉक्सएनएचएल लांबून सारख्याच वाटतात. पण मूळ आराखड्यातली बॉक्सएन रिकामी सुमारे साडेबावीस टनांची आणि तिच्यात ५८-५९ टन माल. एचएल स्टेनलेस स्टीलची, रिकामी साडेवीस टनांच्या आसपास आणि तिच्यात ७१ टन. म्हणजे वाघीण दोन टनांनी हलकी झाली आणि बारा टन जास्त उचलू लागली. हे आकडे कुठे शोधावे लागत नाहीत, वाघिणीच्या बाजूवर रंगवलेले असतात. रंगावरून मात्र ओळखायला जाऊ नका. कोळशाच्या धुळीखाली सगळे रंग एक होतात.

आता आकडे, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग. हिशेब तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, त्यामुळे वाघिणीवरचा अकरा आकडी नंबर पहिल्यांदा समजला तेव्हा मला झालेला आनंद इतरांना जरा जास्त वाटेल. पहिले दोन आकडे प्रकाराचे: १० ते २९ मधले असतील तर उघडी वाघीण, ३० ते ३९ तर बंदिस्त. पुढचे दोन मालक रेल्वेचे: ०१ मध्य, ०८ पश्चिम, ०९ दक्षिण मध्य. त्यापुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे. मग चार आकडे त्या वाघिणीचे स्वतःचे. आणि अकरावा आकडा पडताळणीचा.

हा अकरावा आकडा म्हणजे फोटो काढणाऱ्याचा मित्र. समजा फोटोत २२ ०८ १४ १०५७ ८ असा नंबर वाचला. सम स्थानांवरचे आकडे घ्यायचे: २, ८, ४, ०, ७. बेरीज २१, तिची तिप्पट ६३. विषम स्थानांवरचे २, ०, १, १, ५, बेरीज ९. दोन्ही मिळून ७२. पुढची दहाची पट ८०, म्हणजे ८ कमी पडले. अकरावा आकडा ८, म्हणजे नंबर बरोबर वाचला. उघडी वाघीण, पश्चिम रेल्वेची, २०१४ ची. धुळीने अर्धवट झाकलेला एखादा आकडा ३ आहे की ८, असा प्रश्न पडला की याच पडताळणीने तो सुटतो. घरी बसून, चहा बाजूला ठेवून, एकेक नंबर असा सोडवत जाण्यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या कशात मिळत नाही. कंटेनरच्या गाडीवर तर हे दुहेरी असतं. खाली वाघिणीचा नंबर आणि वर कंटेनरचा: चार अक्षरं, सहा आकडे आणि पुन्हा एक पडताळणीचा आकडा, जगभर एकाच पद्धतीचा.

कंटेनरच्या गाडीत आणखी एक गोष्ट बघायची. बीएलसी वाघिणी पाच-पाचच्या गटाने जोडलेल्या असतात. गटाच्या दोन टोकांना नेहमीचं कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा, आणि आत चार जोडांवर पक्का दांडा. गाडी सुटताना कान दिला तर हे ऐकूही येतं. बॉक्सएनच्या रेकमध्ये इंजिनाने ओढ घेतली की प्रत्येक जोडाचा धक्का मागे मागे धावत जातो. बीएलसीच्या गाडीत तो आवाज फार विरळ येतो.

आवाजावरून आठवलं. एका फाटकाजवळ मी बरेचदा उभी असते. तिथल्या गेटमनदादांनी सुरुवातीला विचारलं होतं, "ताई, मालगाडीचा काय फोटो काढता? एक्सप्रेस येईल की आता." मी म्हटलं, "दादा, एक्सप्रेस रोज तीच. मालगाडी प्रत्येक वेळी वेगळी." ते हसले. पण हिरवा झेंडा धरून ते गाडीकडे ज्या नजरेने बघतात ती नजर मला हवी आहे. एकदा गाडी जाताना त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "ऐका, फ्लॅट टायर." शेकडो चाकांच्या खडखडाटातून एक चाक ठरावीक अंतराने ठक ठक करत गेलं. ब्रेक अडकून चाक रुळावर घासत गेलं की त्याचा एक भाग सपाट होतो, त्याचा तो आवाज. हॉट एक्सल (जास्त तापलेला आस), लोंबकळणारा भाग, उघडं दार, हे सगळं बघणं हे त्यांचं काम आहे. तेव्हापासून मी गाडी डोळ्यांनी बघायच्या आधी कानांनी बघते. रिकामा बॉक्सएन रेक पोकळ घुमतो, भरलेला दबून चालतो. डोळ्यांनी खात्री करायची असेल तर बोगीतल्या स्प्रिंगा बघाव्या. रिकाम्या वाघिणीत वेटोळ्यांच्या मधून उजेड दिसतो, भरलीत वेटोळी मिटलेली असतात. बाजूने काढलेल्या चांगल्या फोटोत हे स्पष्ट येतं, आणि पुलावर चढून माल बघायची गरज राहत नाही.

आता फोटोचं. बॉक्सएन कपलरसकट १०.७ मीटर लांब. ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे एक वाघीण तुमच्या समोरून सेकंदाच्या दोन-तृतीयांश भागात निघून जाते, आणि ५८-५९ वाघिणींचा आख्खा रेक चाळीस सेकंदांत संपतो. या चाळीस सेकंदांचं नियोजन आधीच करून ठेवायला हवं.

१/५०० सेकंदाच्या शटरला गाडी सव्वातीन सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे रंगवलेले आकडे पुसट होणारच. बाजूने काढताना मी १/२००० च्या खाली जात नाही. समोरून, तिरक्या कोनात येणाऱ्या इंजिनाला १/८०० चालतं, कारण ते चौकटीत तेवढं आडवं सरकत नाही. अंतराचंही गणित आहे: फुल-फ्रेम कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स आणि रुळापासून १५ मीटर अंतर असेल तर चौकटीत पावणेअकरा मीटर रुंदी मावते. म्हणजे बरोबर एक बॉक्सएन. हे जुळलं तेव्हापासून माझी जागा पक्की झाली. कुंपणाबाहेर, पंधरा मीटरवर, कॅमेरा तिपाईवर आणि रुळाला काटकोनात. इंजिनाचे फोटो दुसऱ्या, हातातल्या कॅमेऱ्याने.

दुसरा कॅमेरा नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ लावून ठेवा. सेकंदाला ६० फ्रेमने एका वाघिणीच्या वाट्याला अडतीस-एक फ्रेम येतात, त्यातली एक तरी वाचता येते. अट एकच, शटर ऑटोवर सोडायचं नाही. ऑटो शटर ढगाळ हवेत मंद होतं आणि सगळे नंबर धुक्यात जातात. आणि व्हिडिओ चालू असताना मोठ्याने बोला: तारीख, वेळ, कुठून कुठे, इंजिनाचा नंबर आणि शेड, भरली की रिकामी. माझी मुलगी बरोबर असली तर हे काम ती करते आणि माझ्यापेक्षा चोख करते.

वळणावर उभं राहायचं तर आतल्या बाजूला. बाहेरच्या बाजूने इंजिन भारदस्त दिसतं पण मागची गाडी त्याच्या पाठी दडते. आतल्या बाजूने पहिल्यापासून शेवटच्या वाघिणीपर्यंत सगळी गाडी कमानीसारखी तुमच्यासमोर उलगडते. उजेडाबद्दल एक गोष्ट महाराष्ट्रातल्यांनी लक्षात ठेवावी. सूर्य दक्षिणेला असतो हा पुस्तकी नियम आपल्याकडे वर्षभर लागू नाही. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो आणि जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मार्गाची जी बाजू हिवाळ्यात कायम सावलीत असते, तिला या अडीच महिन्यांत ऊन मिळतं. पण मेमध्ये खडीवरून जी वाफाळलेली हवा उठते ती लांब लेन्सचे सगळे फोटो बिघडवते, म्हणून सकाळी आठच्या आत. पावसाळ्यात ती अडचण नाही, शिवाय पहिल्या चार सरींनी वाघिणी धुऊन निघतात आणि वर्षभर न दिसलेली अक्षरं दिसू लागतात. जून-जुलै हा नंबर वाचायचा खरा हंगाम.

घाटाचं वेगळं सांगायला हवं. कर्जत ते लोणावळा आणि कसारा ते इगतपुरी, दोन्हीकडे चढ ३७ला १. मालगाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. इथे गाडीच्या शेपटाकडे इंजिनाचा दुसरा फोटो असतो, आणि तोही ताकद लावणाऱ्या इंजिनाचा. पुढचं इंजिन गेलं म्हणून कॅमेरा बंद करणाऱ्यांचा इथे सगळ्यात मोठा तोटा होतो. चढावर वेग कमी असतो, त्यामुळे मधल्या सगळ्या वाघिणी निवांत वाचता येतात.

शेपटाचा फोटो तर कुठेही काढायचाच. गार्डाचा डबा, 'एलव्ही'ची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी, मागचा लाल दिवा. २०२२ मध्ये गार्डचं पदनाम ट्रेन मॅनेजर झालं. त्यापेक्षा मोठा बदल हळूहळू होतो आहे. शेवटच्या वाघिणीला एक उपकरण लावायचं, ते ब्रेकच्या पाइपातला दाब रेडिओने इंजिनात कळवतं, आणि मग गार्डाचा डबाच लागत नाही. म्हणजे उघड्या व्हरांड्यातून हात करणारा माणूस आणि त्याचा डबा, दोन्ही रुळांवरून कमी होत जाणार. याचे फोटो आत्ता काढायचे, कारण आत्ता ते इतके साधे आहेत की कुणी काढत नाही.

मला या छंदात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुंबई विभागात १५०० व्होल्टची डीसी वीज जाऊन २५,००० व्होल्टची एसी आली, ते काम २०१६ मध्ये संपलं. त्याआधीच्या डब्ल्यूसीजी-२ इंजिनांचे फोटो पुष्कळ आहेत, प्रेमाने काढलेले आहेत. पण त्यांच्या मागे काय धावत होतं? बहुतेक फोटो दुसऱ्या वाघिणीपाशी कापलेले. चार चाकी, व्हॅक्युम ब्रेकच्या वाघिणी एके काळी प्रत्येक स्टेशनच्या मालधक्क्यावर उभ्या असायच्या. आज त्यांचा स्वच्छ, बाजूने काढलेला, नंबर वाचता येणारा फोटो शोधायला बसा. दुर्मीळ इंजिनासाठी लोक रात्रभर प्रवास करतात. रोज दिसणाऱ्या वाघिणीसाठी दोन पावलं मागे सरकत नाहीत, आणि मग ती एक दिवस भंगारात गेली की तिचं काहीच उरत नाही.

जागेविषयी कडक बोलते. रुळांच्या हद्दीत पाय टाकायचा नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. कायदा बाजूला ठेवला तरी, दोन रूळमार्गांच्या मध्ये उभं राहून फोटो काढणाऱ्याला मागून येणारी गाडी समोरच्या गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही. पुलावरून सेल्फी स्टिक, मोनोपॉड, छत्री, काहीही तारांच्या दिशेने न्यायचं नाही. पंचवीस हजार व्होल्टला स्पर्शाची गरज नसते. आरपीएफचा (रेल्वे सुरक्षा दलाचा) जवान येऊन विचारू लागला तर कॅमेरा दाखवा, काय करता ते नीट सांगा, जायला सांगितलं तर जा. फाटकावरच्या किंवा स्टेशनातल्या माणसाला गाडी कधी येणार हे विचारून कामात अडवू नका. मालगाडीला तुमच्या-आमच्यासाठी वेळापत्रक नाही, वाट बघणं आलंच.

फोटो काढून झाला की त्याच दिवशी नोंद करा. माझ्या तक्त्यात तारीख, वेळ, जागा, दिशा, इंजिन, शेड, वाघिणीचा प्रकार, वाघिणींची संख्या, भरली-रिकामी आणि वाचता आलेले नंबर एवढे रकाने आहेत. वर्षभराने हा तक्ता चाळताना कळतं की कुठल्या महिन्यात खताच्या बंदिस्त वाघिणी वाढतात, कुठल्या दिशेने कोळसा भरून जातो आणि रिकामा कुठून परततो, न्हावा-शेव्याच्या कंटेनर गाड्यांत वाघिणींचा नवा प्रकार कधी शिरला. हे कुणी सांगितलेलं नसतं, तुमच्या फोटोंनी सांगितलेलं असतं.

आता वाचणाऱ्यांकडे एक मागणं आहे. मिरजेला एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मार्ग होते. मनमाडला मीटरगेजमधून ब्रॉडगेजमध्ये माल हलवला जाई. कुर्डुवाडीहून बार्शी लाइनची छोटी गाडी सुटे. या गावांत ज्यांच्या घरी कुणी रेल्वेत होतं, त्यांनी जुने अल्बम काढून बघावेत. आजोबा फलाटावर उभे आहेत, मामाची बदली झाली तेव्हाचा निरोप समारंभ आहे, अशा फोटोंत माणसांच्या मागे मालधक्का आणि वाघिणी असतात. तो फोटो कमीत कमी ६०० डीपीआयला स्कॅन करा, कडा कापू नका, मागे शाईने काही लिहिलं असेल तर ती बाजूही स्कॅन करा. वाघिणीवरचा नंबर अर्धवट दिसत असला तरी चालेल. आजोबांच्या खांद्यामागून डोकावणारी चार अक्षरंही पुष्कळ झाली.